उंटाचा खोकला

मंगळवार, ९ सप्टेंबर

उट्टं काढायचं. आज ठरलं.

हे लिहायला कां-कू करताहेत. म्हणतात, वही नवी आहे, पहिल्याच ओळीला असं नको. वही माझी, हात तुमचा. लिहा.

झालं ते असं. मुंगी शाळेतून आली, हातपाय धुतले आणि उंटाचं पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर बसली. मुंगी म्हणजे माझी नात, पाच वर्षांची. रोजची वेळ, रोजची मांडी. समोरच्या खुर्चीत विहीणबाई, म्हणजे सुनेची आई. त्यांच्या घराच्या पायरीवरून पडल्या, पाय मुरगळला, म्हणून सून पंधरा दिवसांपूर्वी त्यांना इथे घेऊन आली. पाय स्टुलावर, पाठ ताठ. मी पान उघडलं आणि आमचा नेहमीचा उंट वाचला –

उंटाला झाला खोकला भारी,
औषध निघालं सोमवारी,
मानेत चालत, थांबत, बसत
पोटात पोचलं शुक्रवारी!

मुंगी शुक्रवारीला नेहमीसारखी खिदळली. विहीणबाई हसल्या नाहीत. एकतीस वर्षं शाळेत मोठ्या बाई होत्या, सवय मोडली असेल. म्हणाल्या, तिथे असं नाहीये. हे पुस्तक त्यांनीच मुंगीला दिलेलं. त्यांच्या शाळेत वर्षानुवर्षं लहान वर्गाला हेच होतं. सगळं तोंडपाठ. लगेच म्हणूनच दाखवलं –

उंच उंच उंटाची चाल,
गळ्याभोवती लांब शाल,
ऊन असो वा वारा फार
कधी न करतो तो तक्रार.

मी म्हटलं, असेल बाई, तुमच्या शाळेतला उंट तसा असेल. तिथेच मिटलं असतं. पण नाही.

"विहीणबाई, पहिली ओळ बोट ठेवून वाचा बरं," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, चष्मा आत आहे. हे वाक्य मी चाळीस वर्षं वापरलंय. दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, लग्नपत्रिका हातात आल्यावर. कधी फसलं नाही. पण चाळीस वर्षांत कुणी धावत जाऊन चष्मा आणून दिला नव्हता. मुंगीनं आणला. स्वतःच्या हातानं माझ्या नाकावर चढवला आणि शहाण्यासारखी बसली, ऐकायला.

अक्षरं मोठी झाली. ओळखीची झाली नाहीत.

"छापलंय तेच वाचायचं असतं, बाळ. आजींना वाचता येत नाही. त्या मनचं सांगतात."

रागानं नाही म्हणाल्या. दवाखान्यात वजन सांगतात तशा म्हणाल्या. म्हणूनच जास्त झोंबलं.

मुंगी मांडीवरून उतरली. म्हणाली, "तू खोटं वाचत होतीस?"

मी काय उत्तर दिलं? हे विचारताहेत. आठवत नाही. आठवत नाही म्हटलं ना.

बुधवार, १० सप्टेंबर

मुंगी आज पुस्तक घेऊन आली नाही. पुस्तक विहीणबाईंच्या उशाशी आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

हे म्हणतात, तुला वाचता का येत नाही तेही लिहू या, म्हणजे पुढे कुणाला कोडं पडणार नाही. कुणाला? ही वही वाचणार कोण? तुम्ही. आणि तुम्हाला सगळं माहीत आहे.

बरं, लिहा. लहानपणी कुणी बसवलं नाही. लग्न झाल्यावर ह्यांनी तीनदा बसवलं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, ह्यांच्या अक्षराला लोक थांबून बघायचे. पण शिकवायला बसले की पाचव्या मिनिटाला ह्यांचा आवाज चढायचा आणि सहाव्याला माझ्या हातातलं भांडं आदळायचं. तिसऱ्या खेपेला दोन दिवस अबोला. मग ठरलं – संसार ठेवायचा की बाराखडी. संसार ठेवला.

मुंगीचं पुस्तक आलं तेव्हा ह्यांना म्हटलं, काय लिहिलंय वाचा. ह्यांनी वाचलं. मी म्हटलं, चित्रं कुणा खट्याळ माणसानं काढलीत आणि कविता कुणा आजारी माणसानं केल्यात. एवढा मफलर गुंडाळलेला, डोळे बाहेर आलेला उंट – आणि म्हणे तक्रार करत नाही! त्या उंटाला खोकला आहे हे आंधळ्यालाही दिसेल. तो न्हाव्यापुढे जबडा वासून बसलेला पाणघोडा बघा. त्याखाली काय, तर रोज अंघोळ करा. म्हणून मी चित्रात होतं ते सांगितलं. वर्षभर सांगितलं. पोरीच्या डोक्यात तेच बसलं.

खोटं वाचत होते म्हणे. मी चित्राशी एक शब्द खोटं बोलले नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज नाकच कापलं.

मुंगीच्या बालवाडीत दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरचं मोठं माणूस येऊन पोरांना पुस्तक वाचून दाखवतं. मी दोनदा गेले होते. वीस पोरं, इवल्या खुर्च्या, एका खुर्चीत मी अडकलेसुद्धा. तेव्हापासून ती पोरं मला रस्त्यात उंटाची आजी म्हणतात. एकदा औषधाच्या दुकानात एक पोरगा आईला म्हणाला, उंटाची आजी खोकल्याचं औषध न्यायला आली.

पुढच्या शुक्रवारी माझी पाळी होती. सून सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, आई, या खेपेला माझ्या आईला जाऊ दे का? तिला जरा बरं वाटेल, पाय धरून बसून कंटाळलीये. सून वाईट नाही. माझ्याकडे न बघता बोलली, त्यावरून कळलं की तिला सगळं कळलंय. मी म्हटलं, जाऊ दे की, त्यांचं खरं वाचन.

मुंगी म्हणाली, हो, बाई-आजीलाच येतं वाचता.

बाई-आजी! महिन्यापूर्वी त्यांना फोनवर पापा दे म्हटलं तर ही पलंगाखाली लपायची.

शनिवार, १३ सप्टेंबर

सुचलं! छापलंय तेच वाचायचं असतं ना? मग छापू या.

सोमवार, १५ सप्टेंबर

हे तयार नव्हते. दुसऱ्याच्या पुस्तकाला हात लावायचा नाही, आणि त्यातून त्यांनी पोरीला भेट दिलेल्या पुस्तकाला तर नाहीच नाही. मी म्हटलं, फाडायचं नाहीये. पानाच्या रंगाचा कागद घ्यायचा, त्यावर छापल्यासारख्या अक्षरात माझ्या ओळी काढायच्या आणि त्यांच्या ओळींवर चिकटवायच्या. शुक्रवारी बाई-आजी वीस पोरांपुढे पुस्तक उघडणार, आणि छापलंय तेच वाचणार. बोट ठेवून.

तरी हे मानेनात. मग मी ह्यांना मुलाच्या लग्नातल्या पाटीची आठवण करून दिली. हॉलच्या दारावर ह्यांनी तीन दिवस खपून पाटी रंगवली होती. विहीणबाई गाडीतून उतरल्या, वर बघितलं आणि आत शिरायच्या आधी म्हणाल्या, पाटी तिरकी आहे. सात वर्षं झाली. ह्यांनी त्यावर तोंडातून एक शब्द काढला नव्हता. आज काढला. तो लिहायला मात्र तयार नाहीत.

एवढं लिहून झालं की कागद आणायला निघणार आहेत.

मंगळवार, १६ सप्टेंबर

उंटाची पट्टी झाली. हे वाचून दाखवतात, मी ऐकते. पाणघोड्याचीही सांगितली –

पाणघोडा म्हणाला, दाढी करा,
न्हावी म्हणाला, तोंड उघडा जरा.
तोंड उघडलं, न्हावी आत,
आतून ओरडला, घासा हो दात!

यात सूड कुठाय, असं ह्यांनी विचारलं. सूड तिसऱ्या पानावर आहे. तिथे बगळीण आहे, तळ्यात उभी, पुढे बेडकांची रांग. छापील कवितेत ती बेडकांना स्वच्छतेवर काहीतरी ऐकवते. माझ्यात हे ऐकवते –

बगळीणबाई शिस्तीच्या भारी,
बेडकांची रांग लावती सारी.
"सरळ उभे राहा! दोन्ही पाय!"
– आणि बाईंचा दुसरा पाय कुठाय?

आणि या ओळी त्यांनी स्वतःच्या तोंडानं वाचायच्या. एक पाय स्टुलावर ठेवून! हे बराच वेळ पेन हातात धरून नुसते हलत होते. हसताना आवाज करायचा नाही ही ह्यांची जुनी खोड.

बुधवार, १७ सप्टेंबर

दुपारी विहीणबाई मुंगीला वाचून दाखवत होत्या. तक्रार न करणारा उंट. मुंगी ऐकत होती, पाय न हलवता. माझ्याकडे ऐकायची तेव्हा तिचे पाय एक क्षण थांबायचे नाहीत, माझ्या नडग्या काळ्यानिळ्या व्हायच्या.

आता नडग्या बऱ्या आहेत.

गुरुवार, १८ सप्टेंबर

चिकटवलं. विहीणबाईंचा डोळा लागला तेव्हा उशाचं पुस्तक काढलं. ह्यांचा हात या वयातही थरथरत नाही. पट्टी कुठे संपते आणि पान कुठे सुरू होतं, बोटाला कळत नव्हतं. बगळिणीला मात्र एक चष्मा लागलेला दिसला. मी सांगितला नव्हता. ह्यांना विचारलं तर म्हणाले, जागा मोकळी होती.

गोंद नीट वाळायच्या आत आतून हाक आली, म्हणून तसंच मिटून उशाशी ठेवून आले. वाळेल रात्रीतून.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

नीट लिहा. घाई करू नका. आजचं सगळं पाहिजे.

सून कामावर गेली होती, म्हणून विहीणबाईंना हाताला धरून मीच नेलं. मला बघून पोरांनी उंटाची आजी, उंटाची आजी असा गलका केला. बालवाडीच्या ताई म्हणाल्या, आज या आजी वाचणार आहेत, त्या शाळेत मोठ्या बाई होत्या. पोरं गप्प झाली. मी मागे जाऊन बसले, हात पोटावर बांधून. मुंगी ऐटीत बाई-आजीच्या खुर्चीला टेकून उभी.

विहीणबाईंनी पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं – उंच उंच उंटाची चाल, गळ्याभोवती लांब शाल.

मी ह्यांना मनात शिव्या घातल्या. पट्टी पडली वाटतं!

वीस पोरं ओरडली, नाही, नाही, खोकला! ताई हसायला लागल्या. आणि मुंगी पानावर वाकली. तिला अलीकडे एकेक अक्षर जोडता येतं. वाचलं तिनं, हळूहळू, बोटानं – खो, क, ला. म्हणाली, "बाई-आजी, इथे खोकला लिहिलंय."

पट्टी जागेवर होती.

विहीणबाईंनी पानावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, पुढे बघू. पान उलटलं. गोंदानं दोन पानं एकमेकांना धरून बसली होती, ती एकदम उलटली गेली. पाणघोड्याचं पान आलंच नाही. समोर एवढी मोठी बगळीण, नाकावर चष्मा, पुढे बेडूक. आणि विहीणबाईंनी बगळिणीवर बोट ठेवून वाचलं – पाणघोडा पाण्यात राही, रोज त्याची अंघोळ होई.

पोरं खो-खो हसली. एक तर खुर्चीवरून खाली पडलं. ताई म्हणाल्या, आजी आपली गंमत करताहेत, हो ना? विहीणबाई म्हणाल्या, हो, गंमत.

ही बाई आयुष्यात कधी गंमत करेल? मला तिथेच कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, ताईंना नाही, सुनेला नाही, ह्यांनाही नाही. मलाच कळणार. वाचणाऱ्याचं बोट जागोजाग अडतं. कठीण शब्दाशी थांबतं, ओळ संपली की मागे येतं. म्हणणाऱ्याचं बोट घसरत जातं, फरशीवरच्या साबणासारखं. मी वर्षभर असंच फिरवलंय. त्यांचं बोट घसरत होतं.

त्यांना दिसत नाही.

खोटं कशाला सांगू, पोरं हसली तेव्हा बरं वाटलं. चांगलं पोटभर बरं वाटलं. त्यानंतर घरी येईपर्यंत त्यांचा हात माझ्या दंडावर होता आणि प्रत्येक पायरीला तो घट्ट होत होता. जातानाही तसाच होत होता, तेव्हा मला वाटलं होतं, पायाच्या दुखण्यानं.

शनिवार, २० सप्टेंबर

खात्री करून घ्यायला हवी. दुपारी पाण्याच्या नळाबद्दल सोसायटीचा कागद आला होता, तो घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, जरा वाचता का, हे बाहेर गेलेत आणि मला कुठलं येतंय!

त्यांनी कागद हातात घेतला, इकडून तिकडे धरला. म्हणाल्या, "चष्मा आत आहे."

चष्मा नाकावर होता.

माझं वाक्य! चाळीस वर्षांचं माझं वाक्य, आणि ते या बाईनं चोरलं. मी म्हटलं, असू द्या, ह्यांना विचारीन. दाराबाहेर आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं मोठं घबाड हातात आलं होतं.

रविवार, २१ सप्टेंबर

आज काहीच केलं नाही. नुसतं चाखलं. सून आईला म्हणाली, आई, शनिवारी तुला सोडून येते, आता पाय बरा आहे. मी वाटीतलं खात राहिले. एक वाक्य बोलले असते तर सगळं जेवण थांबलं असतं. बोलले नाही. ठेवलंय.

सोमवार, २२ सप्टेंबर

बोलले. सुनेशी नाही, त्यांच्याशी.

घरात आम्ही दोघीच. त्या गॅलरीत बसल्या होत्या. मी स्टूल ओढलं आणि बसताच म्हटलं, विहीणबाई, कधीपासून दिसत नाही?

त्या समोरच्या इमारतीकडे बघत राहिल्या. बघत कसल्या, तोंड करून बसल्या. मग सांगितलं. वर्ष झालं. मधोमध काळा डाग आहे. कडेकडेनं दिसतं. माणूस दिसतो, तोंड दिसत नाही. पान दिसतं, ओळ दिसत नाही. पायरीवरून पडल्या त्या त्यामुळेच. मुलीला कळलं तर ती घर बंद करायला लावेल आणि इथे आणून ठेवेल.

"इथे म्हणजे तुमच्याकडे," म्हणाल्या. जणू मला धमकी.

धमकीच होती म्हणा. मी तोवर या बाजूनं विचारच केला नव्हता. सांगितलं, तर ही बाई जन्मभर माझ्या घरात. नाही सांगितलं, तर सूड न घेता शनिवारी निघून जाणार.

मग मी माझं मागणं मांडलं. म्हटलं, मला बाकी काही नको. मुंगीला माझ्यासमोर बसवा आणि सांगा, की चित्रावरूनही वाचता येतं. आजी खोटं वाचत नव्हती म्हणून सांगा. एवढं केलंत तर तुमचं गुपित माझ्या पोटात.

मला वाटलं होतं त्या रडतील. किंवा निदान हो म्हणतील.

"ते मी सांगणार नाही. छापलंय तेच वाचायचं असतं. माझे डोळे गेले म्हणून नियम गेला नाही."

काय बाई आहे! एक पाय मुरगळलेला, दोन डोळे गेलेले, गळा माझ्या मुठीत – आणि मान ताठ. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आजवर आला नव्हता. आणि हेही लिहा, ह्यांना वाटतं मी गाळीन – माझ्या मनात आलं, मला अशी शिक्षिका मिळाली असती तर मी शिकले असते. ह्यांच्यासारखी भांडं आदळल्यावर थांबली नसती.

मी उठले. म्हटलं, शुक्रवारपर्यंत विचार करा. शुक्रवारी संध्याकाळी मी सुनेला सांगणार.

मंगळवार, २३ सप्टेंबर

त्या बोलत नाहीत. मीही नाही. मुंगी दोघींच्या मधून ये-जा करते आणि कुणाकडेच थांबत नाही. पुस्तक टीपॉयवर पडून आहे.

गुरुवार, २५ सप्टेंबर

डाव उलटला.

सून कामावरून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि विहीणबाईंनी तिला हाक मारली. दार उघडं ठेवून. मला ऐकू जावं म्हणूनच. मी स्वयंपाकघरात, हातात ओलं फडकं. त्यांनी सगळं सांगितलं, वर्षभराचं, पायरीचं, डागाचं. शाळेतला अहवाल वाचावा तसं, एकही शब्द न गाळता. सून रडली, चिडली, पुन्हा रडली. म्हणाली, आई, मला का नाही सांगितलंस? विहीणबाई म्हणाल्या, "आता सांगितलं ना. आणि हे माझं मी सांगितलं. कुणी सांगायला लावलं नाही."

ते शेवटचं वाक्य भिंतीपलीकडे माझ्यासाठी होतं.

म्हणजे बघा. मुंगीला चित्राचं एक वाक्य म्हणायला नको, म्हणून या बाईनं स्वतःचं घर सोडलं! माझ्या हातातलं शस्त्र काढून घेतलं, आणि वर स्वतः हरून मलाच हरवलं. सून डोळे पुसत बाहेर आली. म्हणाली, आई आता इथेच राहील, चालेल ना हो तुम्हाला? मी फडकं पिळलं. म्हटलं, चालेल की.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. मागची खोली त्यांना द्यायची. म्हणजे ह्यांचं टेबल, रंगाचे डबे, ब्रश, सगळं बाहेर. हे लिहिताना ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालंय. चष्मा तुम्ही काढला होता बगळिणीला, मी नव्हे. भोगा.

उट्टं काढायला गेले आणि विहीण पदरात घेऊन आले.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दुपारी आम्ही दोघी सोफ्याच्या दोन टोकांना. मुंगी शाळेतून नवंच पुस्तक घेऊन आली. या आठवड्यापासून घरी न्यायला देतात म्हणे. ते माझ्या ओळखीचं नाही, त्यांच्याही पाठ नाही. मी मांडी सारखी केली. ती मांडीवर आली नाही. त्यांच्याकडेही गेली नाही. दोघींच्या मधे घुसून बसली आणि म्हणाली, "आता मी वाचणार. तुम्ही दोघींनी ऐकायचं. मधे बोलायचं नाही."

वाचलं. एकेक अक्षर धरून, घाम येईस्तोवर. दुसऱ्या ओळीत एका शब्दावर अडली. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

आम्ही दोघी चित्रावर वाकलो. त्या मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं.

"चित्रावरून हत्ती वाटतो," विहीणबाई म्हणाल्या.

गेंडा होता. मी म्हटलं, हत्तीच आहे.